कोयना की कियाना

माझ्या भावाला मुलगी झाली आणि घरात दोन नावं समोरासमोर उभी राहिली. वहिनीचं कोयना, दादाचं कियाना. कानाला दोन्ही जवळजवळची लागतात. त्यामुळे बाळ बघायला येणाऱ्यांना वाटतं, हा किरकोळ वाद आहे, एखादी मात्रा इकडची तिकडे केली की मिटेल. तसं नाही. एक नाव गच्च भरलेलं आहे आणि दुसरं मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे. मुलीला यातलं कुठलं द्यायचं, यावर दोघं भांडताहेत. मी आत्या. शेवटी जे ठरेल ते बाळाच्या कानात सांगायचं काम माझं, म्हणून दोघंही मला पंच समजून माझ्यासमोरच भांडतात. त्यातलं लिहिण्यासारखं आहे ते इथे देते. मधेमधे मीही बोलणार आहे, कारण या मुलीच्या नावाशी माझंही नातं आहे आणि मला गप्प बसवत नाही.

दादा : कोयना म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं? धरण. मग भूकंप. मग रेल्वेगाडी. पुणे स्टेशनवर भोंगा ओरडणार, कोयना एक्सप्रेस उशिराने धावत आहे, आणि आपली पोरगी मैत्रिणींबरोबर फलाटावर उभी. मुलं सोडतील तिला?

वहिनी : गाडीला नदीचंच नाव दिलंय ना? धरणालाही तिचंच. आधी नदी आहे.

दादा : तुझ्यासाठी. तू कराडची आहेस.

वहिनी : बरं, महाबळेश्वरला चल. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. सावित्री नावाच्या बायका घरोघर. गायत्री प्रत्येक वर्गात एक. कृष्णा तर मुलग्यांनाही चालतं. एका देवळातल्या पाचजणींपैकी तिघी चालतात, मग कोयनेनं काय कुणाचं घोडं मारलंय?

दादा : सावित्री, गायत्री ही देवीची नावं म्हणून ठेवतात. नदी म्हणून कोणी ठेवत नाही.

वहिनी : गोदावरी? नर्मदा? चंद्रभागा? यमुना?

यमुनेपाशी मी वहिनीच्या बाजूने बोलले. आनंदीबाई जोशी, ज्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, ज्यांनी पुण्यात सेवासदन चालवलं, त्यांचंही माहेरचं नाव यमुनाच. दोघींच्या जन्मांत अवघं तीन वर्षांचं अंतर, रमाबाई १८६२ च्या, आनंदीबाई १८६५ च्या. दोघींना पाळण्यात नदीचं नाव मिळालं आणि दोघींचं ते लग्नात गेलं. नदीचं नाव मुलीला ठेवणं आपल्याकडे कधीच विक्षिप्त नव्हतं. ज्या बाईला ते मिळालं तिच्याकडून ते मांडवात काढून घ्यायचे, ते विक्षिप्त होतं. माझ्या लग्नातही ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली होती, नवं नाव लिहायला. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने तांदळात माझंच नाव लिहिलं. सासरच्या दोन बायका बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या आणि कार्य पुढे सरकलं.

तर नदीच्या मुद्द्यावर दादा हरला, असं माझं मत. पण त्याचा खरा मुद्दा नदीचा नव्हताच.

दादा : कियानामध्ये काही नाही, म्हणून तर ते हवंय मला. त्यात गाव नाही, जात नाही, देव नाही, आजी नाही. आपल्याकडे नाव विचारतात आणि लगेच म्हणतात, पूर्ण नाव सांगा. पूर्ण नाव कशासाठी हवं असतं ते तुलाही ठाऊक आहे. घर भाड्याने बघत होतो तेव्हा त्या मालकाने काय केलं आठव. आडनाव ऐकलं, मग गाव विचारलं, मग म्हणाला, कळवतो. निदान पहिलं नाव तरी असं असू दे की त्यावरून कुणाला काही कळणार नाही.

वहिनी : तू पाळणाघराच्या दारावरची यादी वाचली होतीस ना? कियान, कियारा, कायरा, मायरा, शनाया, इनाया. एकेका आईबापाने चारचौघांत वेगळं म्हणून शोधून आणलेली नावं. आणि तिथल्या ताई मुलींना कशी हाक मारत होत्या?

दादा : कशी?

वहिनी : आडनावाने. दोन कियारा आहेत म्हणून एक पाटील, एक जाधव. तू आडनाव लपवायला जे नाव आणतोयस, त्याच नावापायी तिला उभ्या जन्मात आडनावाने हाक मारतील.

दादाकडे यावर उत्तर नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःही कधी लक्षात घेतली नव्हती. नावांची नवी लाट आली की प्रत्येक घराला वाटतं, आपण एकटेच त्या लाटेवर आहोत. मूल शाळेत जातं तेव्हा कळतं, बाकावर शेजारी तेच नाव बसलेलं आहे.

वहिनी : आणि अर्थ? एका ठिकाणी प्रकाश लिहिलंय. दुसऱ्या ठिकाणी चंद्राची देवी. एक म्हणतो संस्कृत, एक म्हणतो फारसी. उद्या तिने विचारलं, बाबा माझ्या नावाचा अर्थ काय, तर काय सांगशील?

दादा : सांगेन की तू जगशील तो. अर्थ तिचा तिने भरायचा. धोंडिरामचा अर्थ मी भरलेला नाही. मी जन्मायच्या आधीच तो कुणीतरी भरून ठेवला होता.

इथे वाचकाला सांगायला हवं. दादाचं कागदावरचं नाव धोंडिराम. ऑफिसात तो राम आहे, मोबाइलवर राम आहे, लग्नाच्या पत्रिकेतही आईचं मन मोडून त्याने राम छापून घेतलं. शाळेत तो धोंड्या होता. हे त्याने आमच्यापाशी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी त्याच शाळेत खालच्या वर्गात होते. मधल्या सुट्टीत मुलं त्याच्या बाकावर खरोखरचे धोंडे आणून ठेवायची. तो ते उचलून खिडकीबाहेर टाकायचा आणि डबा उघडायचा. शिक्षकांना दिसायचं. त्यांनी कधी कुणाला हटकलं नाही.

आई आतापर्यंत बाळाचे कपडे घडी करत होती. ती बोलली.

आई : तुझ्या आधीचे दोन गेले माझे. एक अकरा दिवसांचा, एक तीन महिन्यांचा. तू झालास तेव्हा मी तुला बघायला घाबरत होते. तुझी आजी म्हणाली, याला चांगलं नाव नको. चांगल्या नावाला हाक लवकर येते. याला धोंडा म्हणा, धोंड्याकडे कोणी बघत नाही. वर राम लावला तो मी. तेवढंच मला लावू दिलं.

दादा : हे मला का नाही सांगितलंस कधी?

आई : तू विचारलं नाहीस. तू नुसता चिडायचास.

महाराष्ट्रात या नावांचा एक मोठा गोतावळा आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही, मरणाचंही लक्ष जात नाही. जिथे बाळंतपणात आणि पहिल्या वर्षात मुलं जाणं नित्याचं होतं, तिथे आईबापांच्या हाती दुसरं काय होतं? औषध नव्हतं, डॉक्टर कोसांवर होता. नाव तेवढं हातात होतं. शहरी माणूस ही नावं ऐकून हसतो याचा मला फार राग येतो. यांच्याइतक्या मायेने ठेवलेली नावं दुसरी क्वचितच असतील. पण हेही तितकंच खरं की ती माया आईची होती आणि बाकावरचे धोंडे उचलत होता माझा भाऊ.

वहिनी : धोंडो नावाच्या माणसाला भारतरत्न मिळालंय. १९५८ मध्ये. धोंडो केशव कर्वे.

दादा : त्यांच्या वर्गात आणखी दोन धोंडो असतील. माझ्या वर्गात सगळे अमोल आणि सचिन होते.

हे दादाचं वाक्य मला फार पटलं. नाव मुळात विचित्र नसतं. ते ज्या काळात आणि ज्या वर्गात हजेरीला उच्चारलं जातं, तिथे ते विचित्र ठरतं. गोदावरी हे १९२० मध्ये साधं नाव होतं, आज ते धाडस आहे. आरव हे पन्नास वर्षांपूर्वी कुणाला कळलं नसतं, आज प्रत्येक सोसायटीत दोन आहेत. तेव्हा वेगळं नाव ठेवू नये असं कोणी सरसकट म्हणालं तर मी मानणार नाही, आणि वेगळं आहे म्हणून चांगलं असं म्हणालं तरी मानणार नाही.

मग वहिनीला विचारलं, कोयनाच का? तिने आधी टाळलं. नदी सुंदर आहे वगैरे बोलली. दादा म्हणाला, खरं सांग.

वहिनी : माझ्या आईचं माहेर कोयनेच्या काठावर होतं, वरच्या खोऱ्यात. आता ते शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा आई सहा वर्षांची होती. त्यांना सोलापूरकडे जमीन दिली. उघडं माळरान, पाण्यासाठी मैलभर चालायचं. आजीला शेवटपर्यंत त्या जमिनीचं काही कळलं नाही. भातखाचरातली बाई ती, ज्वारी बघून म्हणायची, हे काय उगवलंय. पुढे आई कराडला सून म्हणून आली आणि पहिल्याच संध्याकाळी संगमावर गेली. कोयना तिथे कृष्णेला मिळते ना. म्हणाली, माझ्या गावावरून येतंय हे पाणी.

दादा : आणि ते सगळं माझ्या मुलीने वाहायचं?

वहिनी : मी असं म्हणाले का?

दादा : म्हणाली नाहीस, पण करते आहेस तेच. तुझ्या आईचं गाव बुडालं. कोयनाग्रस्तांतल्या कितीतरी घरांना अजून नीट जमीन मिळालेली नाही, हे मला मान्य आहे. कोयनानगरला ती माणसं पुन्हा पुन्हा धरणं धरून बसली आहेत. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. हे सगळं ज्या नावात आहे ते नाव सहा किलोसुद्धा नसलेल्या बाळावर? त्या दुःखाचं स्मारक करायचं तर कर, मी पैसे देईन, मी सोबत येईन. पण दगडात कर. पोरीत करू नकोस.

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मला दादाचा युक्तिवाद इथे सर्वात जोरदार वाटला आणि अजूनही वाटतो. आपण मुलांना आजोबांची नावं देतो, हुतात्म्यांची देतो, गेलेल्या काकांची देतो. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य आधीच ठेवलेलं असतं. घरातली मोठी माणसं त्याच्याकडे बघताना त्या गेलेल्याकडे बघत असतात. मुलाला ते कळतं. बोलता यायच्या आधी कळतं.

दादाने मग एक उदाहरण दिलं जे वहिनीला लागलं.

दादा : तुझ्याच सातारा जिल्ह्यातली गोष्ट आहे. नकुसा नावाच्या मुली. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगी झाली, म्हणून नाव नकुसा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. काहींनी स्वतः निवडली. त्या मुलींना रोज शाळेत कोणीतरी सांगत होतं, तू नको होतीस. मोठ्यांच्या मनातली गोष्ट मुलीच्या अंगावर लिहिली की असं होतं.

वहिनी : नकुसा आणि कोयना तू एका तराजूत घालतोस?

दादा : नाही घालत. पण लिहिणारा हात दोन्हीकडे मोठ्यांचाच आहे.

वहिनी : आणि तुझ्या कियानामागे कोणाचा हात आहे? घरमालकाची भीती आहे त्यात. तुझ्या बाकावरचे धोंडे आहेत. तुला वाटतंय तू तिला रिकामं नाव देतोयस. रिकामं नाहीये ते. तुझ्या आजीने तुला मरणापासून लपवलं, तू हिला लोकांपासून लपवतोयस. नाव ठेवायची तऱ्हा तीच आहे.

हे ऐकून दादा उठून गॅलरीत गेला. वहिनीलाही आपण जास्त बोललो असं वाटलं असावं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. कारण ते खरं होतं. रिकामं नाव असं काही नसतंच. नाव ठेवणारा माणूस त्या क्षणी ज्या कशाला घाबरतो किंवा ज्याच्यासाठी झुरतो, ते त्या नावात उतरतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच की यातलं काय मुलीच्या उपयोगी पडेल.

याच सुमारास गुरुजींचा फोन आला आणि वेगळंच प्रकरण निघालं. बाळ आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. आर्द्रेची चार अक्षरं कू, घ, ङ, छ. तिसऱ्या चरणाचं अक्षर ङ. ङ वरून नाव नाही. आई हिरमुसली. गुरुजी म्हणाले, अशा वेळी जवळचं अक्षर घेतात, काळजी नको, आणि तसंही जन्मनाव व्यवहारात वापरायचं नसतं, ते पत्रिकेपुरतं.

त्या एका वाक्याने मला या भांडणाचं मूळ दिसलं. जुन्या मराठी घरात मुलाला एकच नाव कधी नसायचं. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं. बारशाला पाळण्यात ठेवलेलं वेगळं, तीही कधी दोन-तीन, आजीचं एक, मामाचं एक, आत्याचं एक. घरात हाक मारायचं तिसरंच. टिळकांचं नाव केशव, घरात बाळ म्हणायचे, आणि सबंध देश त्यांना बाळ गंगाधर म्हणून ओळखू लागला. माणिक नावाचा मुलगा तुकडोजी झाला, डेबू गाडगेबाबा झाला, आणि कुणाला ते खोटं वाटलं नाही. पाळण्यापाशी दोन मतं असली तर दोन नावं ठेवली जायची आणि पुढची दहा-पंधरा वर्षं कोणतं टिकतंय ते मूल आणि गाव मिळून ठरवायचे. भांडण लांबायला जागाच नव्हती.

आता कागदावर एकच नाव मावतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच पुढच्या सगळ्याचा पाया झाला. शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा तोच. त्यावर जे नाव पडेल ते पुढे प्रत्येक खिडकीवर तपासलं जाणार. पाळण्यात चार नावं ठेवा, खिडकीपलीकडच्या माणसाला एकच हवंय. म्हणून आईबाप इतके इरेला पेटतात. त्यांना वाटतं, हा एकदाच मिळणारा डाव आहे.

दादा : मग नाव आत्ता लिहूच नको. जन्माची नोंद एकवीस दिवसांत द्यायची असते, ती रुग्णालयाने दिली आहे. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतो, नंतर विलंबशुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत.

वहिनी : पंधरा वर्षं?

दादा : तोवर तीच सांगेल काय हवं ते.

वहिनी : आणि तोवर शाळेत काय, बेबी ऑफ अमुक? केरळमधली ती मुलगी आठव.

ती गोष्ट २०२३ ची आहे. आईवडील वेगळे राहत होते, मुलीच्या नावावर त्यांचं जमेना, जन्मदाखल्यावर नाव नव्हतं आणि त्यावाचून शाळा तिला घेईना. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने पालकत्वाचा आपला अधिकार वापरून मुलीचं नाव स्वतः ठरवलं. आईने ठेवलेलं नाव राहू दिलं आणि त्याला वडिलांचं नाव जोडलं. पुढच्या वर्षी कर्नाटकात हुणसूरला एका जोडप्याचं मुलाच्या नावावरून घटस्फोटापर्यंत गेलं. तिथेही नाव शेवटी न्यायालयानेच सुचवलं, दोघांनी एकमेकांना हार घातले आणि घरी गेले. या बातम्या वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. तीन वर्षांच्या मुलाला सबंध घर वेगवेगळ्या नावाने हाक मारतं आणि मूल कुणाला ओ द्यायची म्हणून आईबापाच्या तोंडाकडे बघतं, हे डोळ्यांपुढे आणा.

मी पंच नाही हे सुरुवातीपासून सांगत आले होते. पण त्या रात्री दोघांनी थेट विचारलं, तुझं मत काय, तर मी दिलं.

मी म्हणाले, कागदावर कोयना असावं. कारण मुलीने विचारलं तर त्याचं उत्तर आहे, आणि उत्तरापाशी जाता येतं. पुण्याहून चार-पाच तासांवर ती नदी आहे. मुलीला तिच्या नावाशेजारी उभं करता येईल, पाण्यात पाय बुडवता येतील. सांगता येईल की ही महाबळेश्वरला निघते, दक्षिणेकडे धावत सुटते, हेळवाकपाशी अचानक पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भिडते. अशी भिडणारी नदी फार नाही कुठे. पण दादा म्हणतो तेही धरून चालायचं. तिला नदी द्यायची, बुडालेलं गाव द्यायचं नाही. ते तिने मागितलं तर. मागितलं नाही तर वहिनीने मनाला लावून घ्यायचं नाही. आणि अठराव्या वर्षी तिला हे नाव नको वाटलं, राजपत्रात जाहिरात देऊन बदलावंसं वाटलं, तर या घरात कोणी डोळ्यांत पाणी आणायचं नाही. जे आईबाप मुलाला वेगळं नाव देतात, त्यांनी ते परत घ्यायची तयारी ठेवूनच द्यायला हवं.

वहिनी : परत घ्यायची तयारी आहे. तिने टाकलं तर टाकलं.

दादा : बोलणं सोपं आहे.

वहिनी : सोपं नाहीये. तरी बोलते.

दादा : आणि कियाना?

वहिनी : पाळण्यात ठेव की. घरात किया म्हण. मी कधी नको म्हटलं? मला फक्त दाखल्यावरचं हवंय.

मी दादाला म्हणाले, कानात दोन्ही सांगेन. बारशाला दोन नावं सांगायला कुठल्याच शास्त्राची आडकाठी नाही.

पण तो अजून काहीतरी घोळवत होता. मग त्याने सांगितलं. स्वतःचं नाव बदलायचा अर्ज त्याने कधीचा भरून ठेवला होता. धोंडिरामचं राम करायचं. प्रतिज्ञापत्र झालं होतं, फोटो लावले होते, फक्त पाठवायचा होता. आणि मुलीच्या जन्मामुळे ते एकदम तातडीचं झालं, कारण आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं. राज्य सरकारच्या नव्या नियमाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आई आता आली, आणि ती वडिलांच्या आधी आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण धोंडिराम त्या ओळीत आहेच.

दादा : तिच्या हजेरीत माझं नाव वाचतील. कोयना, मग तुझं, मग धोंडिराम.

वहिनी : बदलायचं असेल तर आत्ता बदल. मी अडवणार नाही. तुझं नाव आहे.

दादा : नदी आणि मागे धोंडा. चिडवायला आयतंच.

आई : नदीत धोंडे असायचेच. नसले तर ती नदी कसली, कालवा.

दादा हसला. या नावावरून तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग त्याने टेबलावरचा अर्ज उचलला, फाडला नाही, पाकिटात घालून कपाटात ठेवला.

दादा : राहू दे सध्या. कोयना लिही. पण एक आहे, धरणाची गोष्ट तिला मी सांगणार. तू सांगायला लागलीस की रडतेस.

वहिनी : सांग. आणि धोंडिरामची?

दादा : ती आई सांगेल. मला अजून पुरती कळायची आहे.